आईचे सोमवार आणि गोळीची वेळ

बीडमध्ये माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. दूध डेअरी, जिनिंग, खताची दुकानं, मंगल कार्यालयं अशा गिऱ्हाइकांना लागणारी छोटी सॉफ्टवेअर मी बनवून देते. या धंद्यात माझे केस पिकले ते एका वाक्यामुळे. "तुमी करून तर दाखवा मॅडम, मंग सांगतो." करून दाखवलं की म्हणणार, "आसं न्हाई, आमच्याकडं जरा येगळं असतंय." मग जे केलं ते मोडायचं आणि नव्याने बसायचं.

म्हणून कामाला हात घालायच्या आधी सगळं लिहून काढायची सवय मला फार पूर्वी लागली. घरीही तेच. फ्रिजवर यादी, पर्समध्ये यादी, लग्नाला जायचं तर बॅगेच्या झाकणाला आतून चिकटवलेली यादी. नवरा म्हणतो, "माझं नाव कोणत्या यादीत हाय ते एकदा सांग, म्हंजी तयारीत राहतो." मी सांगत नाही.

अलीकडे कोड लिहायला मी एआय सहायक वापरते. सुरुवातीला मीही सगळ्यांसारखीच वापरायचे. म्हणजे एका ओळीत काहीतरी सांगायचं आणि जे येईल ते दुरुस्त करत बसायचं. पुढे कळलं की त्याच्याशी काम करायची एक शिस्तीची रीत आहे आणि ती जणू माझ्यासारख्या बाईसाठीच काढलेली आहे. आधी स्पेक लिहायचं. स्पेक म्हणजे काय हवं, कुणाला हवं, कोणत्या वेळी काय घडलं पाहिजे आणि काम बरोबर झालं हे कशावरून ओळखायचं, याचं साध्या भाषेतलं लेखी वर्णन. सहायक ते वाचतो आणि जिथे जागा मोकळी राहिली असेल तिथे प्रश्न विचारतो. उत्तरं दिली की आराखडा, मग कामांची यादी, आणि कोड सगळ्यात शेवटी. मी मराठीतच लिहिते. तोही मराठीतच विचारतो, जरा पुस्तकी, पण नीट.

या रीतीने मी डेअरीचं काम केलं, जिनिंगचं केलं. पण तिचे खरे आभार मला मानायचे आहेत ते आईच्या गोळीसाठी.

आमचं माहेर सिरसाळ्याचं. बाजारात आमचं जनावरांच्या साजाचं दुकान आहे. कासरे, दावी, वेसणी, म्होरक्या, घुंगरमाळा, मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंट्या आणि पोळ्याच्या तोंडावर रंगीबेरंगी गोंडे. बैल कमी झाले तसे निम्मे गोंडे आता ट्रॅक्टरच्या आरशाला जातात, पण जातात. वडील गेल्यावर सगळ्यांना वाटलं, दुकान मिटलं. आईने दिवस-कार्य आटोपल्यावर शटर वर केलं आणि वडिलांच्या जागेवर जाऊन बसली. तेव्हापासून ती तिथेच आहे. मेंढपाळ, शेतकरी, गाडीवाले, सगळे तिला काकू म्हणतात आणि सगळे तिच्याशी भांडून भाव पाडून घेतात. घरात ती एकटी असते, दुकानात कधीच नसते.

आईला बीपी आहे. ते बरीच वर्षं गुमान होतं. त्या उन्हाळ्यात मात्र ते बिघडलं. एका सोमवारी दुपारी ती शिडीवर चढून वरच्या फळीवरचा दोराचा भारा काढत होती आणि तिला घेरी आली. दुकानात मेंढ्यांच्या घंट्या घ्यायला आलेला एक धनगर होता, त्याने शिडी सोडून आधी आईला धरलं, म्हणून नुसतं मनगट मुरगळलं. पुण्याहून धाकटा भाऊ आला, बीडहून मी गेले. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी बीपी पाहिलं, खूप वाढलेलं होतं. त्यांनी गोळी वाढवली. पुढच्या खेपेला तपासलं तर फार खाली. त्यांनी गोळी कमी केली. त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा वर.

"आजी, गोळ्या रोज घेता ना?" डॉक्टर विचारायचे.

"तुमी सांगितल्या परमानंच घेते," आई म्हणायची. आणि ती खोटं बोलणाऱ्यातली नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

शेवटी भावाने ठरवलं. तो शांत माणूस आहे, आवाज चढवत नाही, म्हणून त्याचं ठरलेलं जास्त पक्कं वाटतं. "ताई, पोळ्याच्या आधी एकदा तपासू. आकडे असेच वर-खाली असले तर आई पुण्याला. खोली तयार हाय. दुकान बंद. पुन्हा शिडीवर घेरी आली तर कोण धरणार हाय?"

 तो चुकीचं बोलत नव्हता.

आईला कळल्यावर ती एवढंच म्हणाली, "पुन्यात म्या काय करू? गॅलरीत बसून खालच्या गाड्यायला हात दाखवू?" आणि मग भावाच्या मुलीसाठी लाडू बांधायला घेतले. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी जे करू शकत होते ते केलं. एका रविवारी ऑफिस उघडलं, चहा घेतला आणि आईच्या गोळीसाठी स्पेक लिहायला बसले. माझी समजूत अशी होती की आई मधूनमधून विसरत असावी. दुकानात गर्दी झाली की विसरायला होतं, आणि 'घेते' म्हणणाऱ्या माणसाला आपण विसरलो हेही आठवत नाही. म्हणून मला हवं होतं ते असं: रोज ठरलेल्या वेळी आईच्या साध्या बटनांच्या फोनवर आपोआप फोन जावा. आवाजात आठवण द्यावी. गोळी घेतली की तिने एक दाबावा, म्हणजे मला 'घेतली' असा मेसेज यावा. एक दाबला नाही तर थोड्या वेळाने पुन्हा फोन, तरीही नाही तर मला तसं कळवावं. डॉक्टरांची चिठ्ठी समोर ठेवली आणि जशीच्या तशी उतरवली: सकाळी जेवणानंतर एक, रात्री जेवणानंतर एक.

स्पेक दिलं आणि म्हटलं, आराखड्याच्या आधी शंका असतील त्या विचार.

प्रश्न आले. पहिले नेहमीचेच होते. फोन लागलाच नाही तर किती वेळाने पुन्हा लावायचा? लाईट नसताना त्या भागात टॉवर बंद पडतो का? चुकून दुसराच आकडा दाबला तर काय समजायचं? दुसऱ्या कुणी फोन उचलला तर? मी पटापट उत्तरं देत गेले. मग हा आला:

"आपण आठवणीची वेळ जेवणाशी जोडली आहे. आईंचं सकाळचं जेवण रोज होतं का? ज्या दिवशी ते होत नाही, त्या दिवशी गोळीबाबत त्या काय करतात, हे मला या वर्णनातून कळत नाही. हे मी गृहीत धरू नये असं वाटतं."

माझी बोटं 'रोज होतं' लिहायला निघाली होती. तेवढ्यात मनात आलं, आज रविवार, उद्या सोमवार. आणि सोमवारी आई सकाळी जेवत नाही.

आमचं घर महादेवाचं. सोमवार धरायचा हे आमच्याकडे कुणी कुणाला सांगत नाही, ते असतंच. मीही लग्न होईपर्यंत धरत होते. आई सोमवारी सकाळी काही खात नाही, दुपारी फार तर दूध, आणि दिवेलागणीनंतर भाजी-भाकरी खाऊन उपास सोडते. हे मला इतकं माहीत होतं की स्पेकमध्ये लिहावं असं वाटलंच नाही. घराला दार आहे हे कुणी लिहितं का?

मी त्या प्रश्नाखाली लिहिलं, "माहीत नाही. विचारून सांगते." आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने निघाले. वडवणी, तेलगाव मागे टाकून सिरसाळ्याला उतरले तेव्हा आई दुकानाच्या पायरीवर पाणी मारत होती.

"अगं, तू? मधीच? समदं बरं हाय ना?"

"बरंय. एक विचारायचंय. आज गोळी घेतलीस?"

"न्हाई."

इतक्या सरळपणे म्हणाली.

"का नाही घेतलीस?"

"कावून म्हंजी? आज सोमवार न्हाई का?" तिने पाण्याचा तांब्या बाजूला ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहानपणी मी पाढा चुकले की पाहायची. "डाक्टर म्हनले जेवनानंतर घ्या. आज सकाळी जेवन न्हाई. मंग कशानंतर घेऊ?"

"आई, मग गोळी राहते ना!"

"राहती कशी? घ्यायचीच नसती ती. उपाशीपोटी घेतली अन् काय झालं तर? तूच म्हनलीस ना, सांगितल्या परमानं घे म्हनून."

म्हटलं होतं. भावानेही म्हटलं होतं, डॉक्टरांनीही. आणि ती सांगितल्याप्रमाणेच घेत होती. आमच्या कुणाहीपेक्षा काटेकोरपणे.

मी पर्समधून पेन काढलं. गिऱ्हाइकांची करते तशी नीट चौकशी आता आईची सुरू झाली. "कोणकोणत्या दिवशी सकाळचं जेवत नाहीस, सगळं सांग."

"सगळं? बस मंग."

सोमवार. प्रदोष. चतुर्थी. महिन्याची शिवरात्र. आणि श्रावण तर पूर्ण, श्रावणात एकवेळच, रात्रीचं. मी लिहीत होते आणि मनात तारखा जुळवत होते. श्रावण आठवड्यावर आला होता. भावाने ठरवलेली तपासणी श्रावणाच्या शेवटाला होती. म्हणजे महिनाभर सकाळची गोळी नाही, आणि मग थेट डॉक्टरांसमोर. आई पुण्याला जाणार हे जणू पंचांगातच लिहिलेलं होतं.

"झालं?"

"गुरवार हाय अजून."

"गुरुवार? तो आपल्याकडे कुठे असतो?"

आईने घंट्यांची माळ उगाचच सरळ केली. "तो तुझा हाय. तू ऑफिस उघडलंस तवा धरला. पोरीचं काम लागू दे म्हनून."

"अगं, ते लागून किती वर्षं झाली! उद्यापन का नाही केलंस?"

"काम चालूच हाय ना तुझं? मंग मधीच कसं सोडू?"

 मी 'गुरुवार' एवढंच लिहिलं.

उरलेल्या गोळ्यांचं काय करतेस, असं विचारल्यावर तिने स्टीलचा डबा दाखवला. "मेडिकलवाला दर महिन्याला जास्तीच देतो. लई चांगला मानूस हाय. म्या म्हनलं वाया कशाला घालवायच्या, ठिवल्या."

तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. त्यांच्याकडे पेशंटची गर्दी असते, तरी त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.  मग ते म्हणाले, "म्हणजे त्या सोमवारी-मंगळवारी माझ्याकडे आल्या की बीपी वर, आणि सलग जेवल्या की वाढवलेल्या गोळीने खाली. अहो, मी त्यांना शंभर गोष्टी विचारल्या, उपास विचारलाच नाही." त्यांनी पूर्वीची गोळी आणि पूर्वीचं प्रमाण, म्हणजे रोज सकाळी एकच, पुन्हा सुरू केलं. जेवणाची अट काढून टाकली. "या गोळीला जेवण लागतच नाही. पोटात जळजळ नको म्हणून मी सवयीने लिहितो. कपभर दुधाबरोबर घेऊ द्या. पण रोज. एकही दिवस न चुकता."

आईला हे सांगितलं तर तिने दुधाला मान्यता दिली, गोळीला नाही. "दूध चालतं. गोळी म्हंजी अन्नच की. पोटात जाती."

"डॉक्टर म्हणतात चालते."

"डाक्टरला उपासातलं काय कळतंय?"

मंदिराजवळ आमचे जंगम स्वामी राहतात. आई स्वतःच डोक्यावर पदर घेऊन निघाली, मी मागे. स्वामी ओट्यावर बसून शेंगा सोलत होते. आईने प्रश्न मांडला. स्वामींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"काकू, शुगरची गोळी म्या सोता घेतो. सोमवारी बी घेतो."

"उपासाच्या दिवशी?"

"मंग? महादेवाला काय हिशेब द्यायचा त्यो माझा मी देईन. तुमचा बी देतो, जावा."

 परत आल्यावर दुकानाच्या पायरीवर चढताना आई म्हणाली, "स्वामीला शुगर हाय हे मला म्हाईत नव्हतं." आणि आत जाऊन कपभर दूध तापवून तिने माझ्यासमोर गोळी घेतली.

बीडला परतल्यावर मी स्पेक उघडलं. खरं सांगायचं तर उपासांची ती यादी मला फार आवडली होती. कोणत्या तिथीला कोणती आठवण, श्रावणात वेगळी, चतुर्थीला वेगळी, असं सगळं बसवायचा माझा बेत होता. सहायकाला सांगितलं तेव्हा त्याने लिहिलं की तिथ्या त्याने अंदाजाने भरू नयेत, पंचांगातून खात्री करून द्याव्यात, आणि पुढे एक साधी गोष्ट विचारली: "डॉक्टरांनी जेवणाची अट काढली असेल, तर उपासाचा दिवस ओळखण्याची गरज उरते का?"

उरत नव्हती. मी सगळी यादी खोडली. 'सकाळी जेवणानंतर' च्या जागी 'रोज सकाळी, दुधाबरोबर' लिहिलं. स्पेक अर्ध्यावर आलं. माझ्या हातून इतकी सुंदर यादी इतक्या आनंदाने कधी खोडली गेली नव्हती.

मग आराखडा आला, कामं आली, आणि दुपारच्या चहाच्या आत कोडही तयार झाला. त्याने न मागता एक गोष्ट घातली होती, आठवडाभर गोळी चुकली नाही की अभिनंदनाचा फोन. मी ती काढायला लावली. आईला अभिनंदन आवडत नाही, तिला त्यात काहीतरी विकायचा डाव दिसतो.

पहिला फोन गेला आणि फसला. लगेच आईचा मला फोन.

"कोन बया ठिवलीस गं ही? 'आपण औषध घेतले असल्यास कृपया एक दाबावा.' म्या इचारलं, तू कोनाची? तर पुन्हा तेच. लई आगाऊ हाय. ठिवून दिला म्या."

मशीनचा आवाज आईला चालणार नव्हता. मी माझ्या आवाजात, घरच्या बोलीत रेकॉर्ड करून दिलं: "आई, दूध घेतलं का? गोळी घे. घेतली की एक दाब." पहिल्या दिवशी तिने माझ्याशीच बोलते असं समजून शेजारणीच्या सुनेचं सगळं सांगून टाकलं आणि एक दाबायचा राहिला. दुसऱ्या दिवशी दाबला.

दुकानात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. दावी घ्यायला आलेला एक म्हातारा मेंढपाळ तिला म्हणाला, "काकू, रोज सकाळी लेक फोनवर रागावती म्हनं तुमाला?"

"रागावत न्हाई. इचारती."

"आमच्या पोराला बी सांगा की आसलं कायतरी बनवाया. त्यो तर इचारत बी न्हाई."

"त्याला आधी फोन उचलाया शिक म्हनावं."

श्रावण लागला. रोज सकाळी मोबाईलवर एक शब्द यायचा: घेतली. मी तो पाहिल्याशिवाय डबा भरत नव्हते. एकदा नाही आला. दुसऱ्या फोनलाही नाही. मी आईला थेट लावला, तर टॉवरच गेलेला. शेजारच्या कापडवाल्याला लावला. तो दुसऱ्या कंपनीच्या फोनवरून बोलत आत गेला आणि मला ऐकू येईल असं ओरडला, "काकू, ताई इचारतेत घेतली का!" आतून आवाज आला, "घेतली म्हनावं, अन् तू माझी उधळलेली सुतळी गुंडाळून दे." बरं वाटलं. मी स्पेकमध्ये कापडवाल्याचा नंबर वाढवला. त्याची परवानगी घेऊन.

त्या महिन्यात मला जिनिंगच्या कामाची घाई होती, ऑफिसात माणसं येत-जात होती, पण सकाळचा तो शब्द आला की दिवस सुरळीत जायचा. मी सहायकाला कधी 'आभारी आहे' असं लिहिते, कधी लिहीत नाही. यंत्राला त्याचं काय, हे मला माहीत नाही. पण ज्या दिवशी त्याने जेवणाचं विचारलं, त्या दिवसाबद्दल मी मनापासून लिहिलं होतं.

तपासणीचा दिवस आला. भाऊ आदल्या दिवशीच पुण्याहून गाडी घेऊन आला होता. मागच्या सीटवर त्याने आईसाठी नवी उशी ठेवली होती. ती पाहून मला भरून आलं आणि जराशी भीतीही वाटली. उशी आणणारा माणूस मनाने आईला घेऊन निघालेला असतो.

अंबाजोगाईला जाताना गाडीत आई पुढे बसली.  भाऊ मला आरशातून म्हणाला, "ताई, तुझ्या सॉफ्टवेअरनं जे व्हायचं ते होऊ दे. पण आकडा आकडा असतो."

"हो," मी म्हटलं. "आकडा आकडाच असतो."

डॉक्टरांनी पट्टा बांधला, फुगवला, पाहिलं. सोडला. पुन्हा बांधला. दुसऱ्या हाताला बांधला. आई भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे पाहत होती. मी डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे पाहत होते आणि भाऊ माझ्या.

"आज उपास?" डॉक्टरांनी विचारलं.

"श्रावन हाय," आई म्हणाली. "पन गोळी घेतली. दुधासंगं."

"दिसतंय ते." त्यांनी चिठ्ठीवर आकडा लिहिला आणि ती भावाकडे सरकवली. "मला असा आकडा यांच्याकडून यावर्षी प्रथमच मिळतोय. हीच गोळी चालू ठेवा. शिडीवर मात्र चढायचं नाही."

"मग पुण्याला..." भाऊ म्हणाला.

"ते तुम्ही घरी ठरवा. तब्येतीसाठी हलवायची गरज मला दिसत नाही."

भावाने चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली. बाहेर आल्यावर तो गाडीला टेकून उभा राहिला.  आई मुद्दाम माझ्या पलीकडे उभी राहिली होती, म्हणजे त्याला तिच्याकडे पाहावं लागू नये.

"आई," तो म्हणाला, "वरच्या फळीवरचं सगळं मी आज खाली काढून देतो. अन् शिडी मी संगं घेऊन जातो."

"शिडी कावून नेतोस? चढते का म्या तिच्यावर?"

"मला भरवसा न्हाई तुझा."

"घेऊन जा," आई म्हणाली. आणि पुढे, "दिवाळीला येते मी पुन्याला. दिवाळीत आपल्या मालाला गिऱ्हाईक नसतं."

त्या संध्याकाळी त्याने खरंच शर्टाच्या बाह्या दुमडून दोराचे भारे, गोंड्यांच्या पेट्या, घुंगरांची पोती खाली आणली. पोळा तोंडावर असल्याने त्याने रजा वाढवली आणि दुकानात थांबला. मी बीडला परतले, माझी कामं तुंबली होती.

पोळ्याच्या आधीच्या बाजारादिवशी सकाळी मी जिनिंगवाल्यांबरोबर बसले होते. मोबाईलवर शब्द आला: घेतली. लगेच मागून भावाचा फोन.

"ताई, एक मी दाबलाय. आईचे दोन्ही हात गोंड्यात हायत."

"गोळी घेतली का तिने? डोळ्यांनी पाहिलंस?"

"पाहिलं. दूध मीच तापवलं." मागे नुसता गोंगाट होता, घंट्या वाजत होत्या, कुणीतरी भाव पाडत होतं. त्यातून आईचा आवाज चढला: "तिला म्हनावं, बाजारादिवशी गिऱ्हाइकाच्या येळंला फोन लावत जाऊ नको! दुकान उघडायच्या आधी लाव!"

"ऐकलं का?" भाऊ हसत म्हणाला.

ऐकलं होतं. मी समोर बसलेल्या जिनिंगवाल्यांना एक मिनिट थांबायला सांगितलं, स्पेक उघडलं आणि आईने सांगितलं तसं लिहून घेतलं.